घरी आठ, शाळेत उणे चार

मी आज गणित शिकवतो ते चांदूर बाजारच्या आमच्या शेजारणीमुळे. सगळी गल्ली त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, मीही म्हणायचो. आमच्या दोन्ही घरांना मिळून एकच लांब ओटा होता. खाला शिवणकाम करायच्या. त्यांची मशीन दाराच्या आत आणि आम्ही पोरं दाराच्या बाहेर, ओट्यावर.

आई-बाबा सकाळीच शेतात निघून जायचे. शाळा सुटली की मी दप्तर घरात टाकून सरळ खालांकडे. त्यांच्या दोन मुली आणि मी, ओट्यावर कोळशाने पंचवीस घरांचा पट आखून अष्टाचंगा खेळायचो. आमच्याकडे कवड्या नव्हत्या. चिंचोके दगडावर घासायचे, त्यांच्या दोन फाकी करायच्या. आतली बाजू पांढरी, वरची काळपट तपकिरी. अशा चार फाकी फेकायच्या. जितक्या पांढऱ्या पडतील तितकी घरं पुढं. चारही पांढऱ्या पडल्या तर चार. आणि चारही काळ्या पडल्या तर आठ, शिवाय वर आणखी एक डाव. हा नियम कोणी केला ते कोणाला माहीत नव्हतं. माझ्या आजोबांनाही तो आयताच मिळाला होता.

एक नियम मात्र खालांचा स्वतःचा होता. सोंगटी कुठे जाऊन बसणार ते आधी तोंडाने सांगायचं, मगच तिला हात लावायचा. आधी हात लावला की डाव गेला. त्या मशीनवरून मान वर करत नसत, पण आवाजावरून त्यांना सगळं कळायचं.

"पहले बोल, मंग हात लाव."

"बोललो ना खाला."

"मनात बोलला असशील. मले मनातलं ऐकू येत नाई."

पाचवीत आमच्या गुरुजींनी बाबांना सांगितलं होतं की हा पोरगा बाकी ठीक आहे, गणितात मात्र काही खरं नाही. बाबा कधी शाळेत गेलेले नव्हते, त्यांनी मान हलवली आणि घरी येऊन तो विषयच काढला नाही. पण ओट्यावर मला हिशेब केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ही सोंगटी तीन घरं चालली तर मरते, ती चालली तर मारते, आठ पडले तर दोन्ही वाचतात, हे सगळं हात मागे ठेवून, डोक्यातल्या डोक्यात. सातवीपर्यंत गणिताची भीती कुठे गेली ते मला कळलंच नाही. तेव्हाच्या गुरुजींनी एकदा विचारलं, "शिकवणी कोणाकडे लावली रे?" मी म्हटलं, "खालांकडे." वर्ग हसला. खाला फक्त उर्दू चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या हे वर्गाला माहीत होतं.

पुढे अमरावतीला बीएस्सी झालो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. निकाल घेऊन घरी गेलो तेव्हा बाबांनी पेढा हातात धरून विचारलं, "मंग आता सुटली का शाळा?" मी म्हटलं, आता बीएड. ते म्हणाले, "म्हणजे नाई सुटली." आणि पेढा खाल्ला. शाळा अजूनही सुटलेली नाही. बीएडनंतर काही वर्षांनी मला अकोला जिल्ह्यात, बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका गावात शिक्षकाची नेमणूक मिळाली. सहावीचं गणित माझ्याकडे आलं.

सहावीत पूर्णांक संख्या असतात. शून्याच्या खालच्या संख्या, उणे एक, उणे दोन. मी फळ्यावर संख्यारेषा काढली, थर्मामीटर काढला, विहिरीची पातळी काढली. सव्वीस मुलं माझ्याकडे अशी बघत होती, जशी पाहुण्यांच्या लांबलेल्या गप्पांकडे बघतात. "समजलं का?" विचारलं की सगळे एका सुरात "होऽऽ". वहीत काहीच नाही.

एक दिवस मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून जात होतो. माझ्याच वर्गातल्या चार मुली खडूने पट आखून अष्टाचंगा खेळत होत्या. त्यातली एक, जी माझ्या तासाला कधी मान वर करत नसे, ती दुसरीवर कडाडली, "लबाडी नको करू. तीन पडले तुले, पाचव्या घरातून सातव्यात कशी गेली?" मी तिथेच थांबलो. त्यांनी मला पाहिलं आणि पट पायाने पुसायला लागल्या. मी म्हटलं, "पुसू नका. मलाही घ्या."

दुसऱ्या दिवसापासून मी गणिताच्या तासाला चिंचोके आणले. व्हरांड्यात एक लांब पट्टी आखली, मधे शून्य, एका बाजूला वीसपर्यंत, दुसऱ्या बाजूला उणे वीसपर्यंत. चार फाकी फेकायच्या. प्रत्येक पांढरी म्हणजे एक पाऊल पुढं, प्रत्येक काळी म्हणजे एक पाऊल मागं. मुलं स्वतःच सोंगट्या. आणि अर्थात खालांचा नियम, आधी बोल, मग पाय उचल. वर्गाचा असा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी जागचं हलेना. मला वाटलं, जिंकलं आपण.

महिन्याभराने घटक चाचणी घेतली. त्यात एक सोपं उदाहरण मुद्दाम घातलं होतं. उणे एक, अधिक उणे एक, आणखी तसेच दोन, म्हणजे चार वेळा उणे एक, एकूण किती? सव्वीसपैकी चौदा मुलांनी उत्तर लिहिलं, आठ.

मुख्याध्यापिका मॅडम शिस्तीच्या होत्या, पण आकसाच्या नव्हत्या. त्यांनी पेपरांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. "सर, मी दहा मिनिटं बघतेय. उणे चार चुकून अधिक चार झाले असते तर समजलं असतं. हे आठ आले कुठून?"

मला लगेच समजलं, तरी मी वर्गात जाऊन विचारलं. मागच्या बाकावरची तीच मुलगी, व्हरांड्यात कडाडणारी, उभी राहिली. तिला यात विचारण्यासारखं काय आहे तेच समजत नव्हतं.

"सर, चारही काळे पडले तं आठच असते ना. अन् अजून एक डाव भेटते. तो लिवाले जागाच नव्हती पेपरात."

मी घरचा खेळ वर्गात आणला होता आणि त्याच्याबरोबर घरचा नियमही आत आला होता. व्हरांड्यात खेळताना चारही काळ्या पडल्या की मी स्वतः "चार मागं" असं ओरडायचो, म्हणून तिथे ते चाललं. पेपरात मी ओरडायला नव्हतो.

ही गोष्ट गावात जायला संध्याकाळही लागली नाही. दुसऱ्या दिवशी शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आले. काळ्या जमिनीतला कापूस-तुरीचा शेतकरी, गावातला वजनदार माणूस, आणि त्यांची मुलगी माझ्याच वर्गात. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो.

"सर, एक विचारू का? तुमी शिकवून राहिले का खेळवून राहिले?"

"भाऊ, खेळातून शिकवतोय."

"हं. घरी आमची माय पोट्ट्यांले वरडते, अभ्यास सोडून चिचोके कायले खेळता म्हणून. अन् पोट्टी म्हणते, सरांनीच सांगितलं. आता मी कोणाचं खरं करू, मायचं का तुमचं?" मग ते मॅडमकडे वळले. "मॅडम, सहावीचं गणित दुसऱ्या गुरुजीले द्या. पाढे घोकून घेणारे पायजेत. नाईतर मी पोरीचं नाव काढतो अन् बार्शीटाकळीले टाकतो. मी एकटा नाई जाणार, सांगून ठेवतो. सात-आठ घरं येतीन मागं."

सात-आठ मुलं गेली असती तर वर्गाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला असता. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वर्गाच्या पटसंख्येपेक्षा स्वतःचीच काळजी वाटली. गणित हा एकच विषय असा होता की जो शिकवताना मला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. तो माझ्याकडून जाणार होता.

मॅडम म्हणाल्या, "भाऊ, महिनाअखेरीला पालकसभा आहे. त्या दिवशी फळ्यावर उदाहरण तुम्ही घाला. मूलही तुम्ही निवडा. जमलं नाही, तर गणित सरांकडून काढून घेते. माझा शब्द."

"पुस्तकातलं घालू का गाईडमधलं?"

"तुम्हाला वाटेल ते."

भाऊ गेले. मॅडम मला म्हणाल्या, "एवढंच माझ्या हातात होतं. आता तुमचं तुम्ही बघा."

पालकसभेला तीन आठवडे होते. रविवारी मी बाळापूरला गेलो. खाला आता तिथे मोठ्या मुलीकडे राहतात, किल्ल्याच्या बाजूच्या एका गल्लीत. मशीन सोबत आणली आहे, नजर मात्र पूर्वीसारखी राहिलेली नाही. सुईत दोरा नात ओवून देते. मी सगळं सांगितलं. चौदा मुलांनी आठ लिहिले म्हटल्यावर खाला इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"सही तं लिवलं पोट्ट्यांनी," त्या म्हणाल्या. "तुले किती येते चार काळे पडले का?"

"खाला, ते खेळात. गणितात उणे चार येतात."

"मंग तू गणित खेळाच्या कपड्यात कावून आणलं? पोट्टे कपडे पाहून वळखतात." मग म्हणाल्या, "किती चिचोके घेतो तू?"

"चार."

"चार कावून?"

मी मनात म्हटलं, चार, कारण चारच असतात.

"बीएस्सी झाला अन् अक्कल अमरावतीलेच ठेवून आला का रे बाबू? चाराचा कायदा घराघरात बसेल हाय. तो तुले मोडता येणार नाई, अन् मोडू बी नको. मूठभर घे. मूठभराचा कायदा कोणाच्याच घरात नाई. तिथं पोट्ट्यांले नवा करा लागते."

नात बाजूलाच बसली होती. ती म्हणाली, "नानी, तुम भी पढाने जाओ ना स्कूल में."

"मेरे से कौन पढेगा? ये पढा था, देखो क्या हुआ," खाला म्हणाल्या, आणि पुन्हा हसायला लागल्या.

सोमवारी मी वर्गात गेलो आणि चाराच्या ऐवजी डबाभर फाकी टेबलावर ओतल्या. प्रत्येक गटाने एक मूठ उचलायची, न मोजता. फेकायची. पांढरी म्हणजे अधिक एक, काळी म्हणजे उणे एक. एकूण किती, ते हात न लावता सांगायचं. बाकी काही मी सांगणार नव्हतो.

पहिला दिवस भांडणात गेला. अकरा पांढऱ्या, आठ काळ्या. कोणी एकोणीस म्हणालं, कोणी अकरा, कोणी काळ्या मोजायच्याच नाहीत म्हणालं. माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं, मी ते गिळलं. दुसऱ्या दिवशी भाऊंच्या मुलीने गटात सांगितलं, "एक पांढरी अन् एक काळी, दोघं फिट्टमफाट. त्याईले मोजाचंच काम नाई." तिने एकेक जोडी डोळ्यांनी लावली, बोटाने हवेतच दाखवत गेली, आणि म्हणाली, "तीन उरले. पांढरे." अर्ध्या तासात तो शब्द सगळ्या वर्गाचा झाला. फिट्टमफाट म्हणजे शून्य, हे मी त्या दिवशी फळ्यावर लिहिलं. एवढंच माझं काम होतं.

खरी अडचण वजाबाकीची होती. उणे संख्या वजा केली की बेरीज होते, हे मी स्वतः शाळेत नुसतं पाठ केलं होतं. बीएस्सीपर्यंत ते तसंच पाठ होतं. मी वर्गाला विचारलं, "समोर दोन पांढऱ्या आहेत. त्यातून तीन काळ्या काढून घ्या."

"काळ्या नाईच हायेत, काढाव कुठून?"

"तुम्ही सांगा."

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची ती मुलगी पुढे आली. तिने डब्यातून तीन पांढऱ्या आणि तीन काळ्या घेतल्या. "सर, हे तीन फिट्टमफाट टाकले. कोणाचं काही वाढलं का? नाई वाढलं. आता घ्या तुमच्या तीन काळ्या." तिने काळ्या उचलून माझ्या हातात दिल्या. बाकावर पाच पांढऱ्या उरल्या होत्या. मी त्या पाच फाकींकडे बघत राहिलो. इतकी वर्षं मी ज्यावर नुसता विश्वास ठेवला होता, ते तिने मला हातात दिलं. मी तिला म्हटलं, "बेटा, हे मलाही आज समजलं." तिला वाटलं मी थट्टा करतोय.

पालकसभेला एरवी दहा-बारा लोक येतात. त्या दिवशी व्हरांडा पुरला नाही. भाऊ गाईड काखेत घेऊनच आले. मॅडमनी त्यांच्या हातात खडू दिला. त्यांनी सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं, तीन वजा कंसात उणे चार. मग मुलांवरून नजर फिरवली. स्वतःच्या मुलीला त्यांनी घेतलं नाही, हे मला मान्य केलं पाहिजे. त्यांनी मागच्या बाकावरच्या मुलीकडे बोट केलं. "ये वो बाई. आठ लिवणाऱ्यात तूच होती ना?"

"हो, होती," ती म्हणाली आणि पुढे आली. तिची आई बायकांमध्ये बसली होती, तिने पदर तोंडाशी धरला. मी खिडकीशी उभा होतो. मला तिच्याशी नजरानजर करायची नव्हती, उगाच माझी भीती तिला लागायची. तिने फळा वाचला. दोन्ही हात पाठीमागे धरले.

"सात."

भाऊंनी गाईड उघडून पाहिलं. बोट ठेवून पुन्हा पाहिलं. "बरोबर हाय. पण पाठ केलं असन. मले सांग, वजा केल्यावर वाढलं कसं? वजा म्हणजे कमी ना?"

तिने तीन पांढऱ्या फाकी मांडल्या. चार फिट्टमफाट टाकले, आणि ते टाकल्याने काहीच बदललं नाही हे भाऊंकडून वदवून घेतलं. मग चार काळ्या उचलल्या आणि त्यांच्या तळहातावर ठेवल्या. "हे तुमचे वजा. आता मोजा उरलेले."

भाऊंनी मोजले. सात. त्यांनी हातातल्या चार काळ्या फाकींकडे पाहिलं आणि त्यांच्या मनात काय आलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मंग हे चारही काळे मी आता फेकले अन् असेच पडले, तं किती?"

घरोघरचे पट ज्यांनी खेळले होते ते सगळे उत्तर ओठांवर घेऊन बसले होते.

"घरी आठ," ती म्हणाली. "शाळेत उणे चार. घरचा कायदा घरी चालते, गणिताचा इथं चालते. दोन्ही येतात मले. तुमाले कोणत्या जागी खेळाचं हाय ते सांगा."

आधी तिची आई हसली, मग सगळ्या बायका. त्यांच्यातली एक म्हातारी मागून म्हणाली, "भाऊ, डाळीतले खडे काढले का डाळच उरते ना बापा. त्याले गाईड कायले लागते?" भाऊही हसले. त्यांनी गाईड मिटलं आणि खुर्चीखाली ठेवलं. मग आणखी तीन मुलांना उठवलं, पण आता ते परीक्षा घेत नव्हते, त्यांना स्वतःलाच बघायचं होतं. शेवटी ते खाली मांडी घालून बसले आणि म्हणाले, "एक मूठ मले बी द्या." त्यांनी नऊ काळ्या आणि पाच पांढऱ्या टाकल्या, हात लावून मोजायला गेले, तर सव्वीस पोरं एकदम बोलली, "पहले बोला."

मॅडमनी सभेच्या नोंदवहीत लिहिलं, सहावीचं गणित सध्याच्या शिक्षकांकडेच राहील. भाऊंनी खाली सही केली. जाताना मला म्हणाले, "सर, आमच्या मायले तुमीच येऊन समजावा आता. माह्यानं होणार नाई."

दहा-बारा दिवसांनी मी खालांना पत्र लिहिलं. फोनवर त्या मला बोलू देत नाहीत, दोन वाक्यांत "ठीक हाय, खुश राह्य" म्हणून ठेवून देतात. मराठी त्यांना वाचता येत नाही, म्हणून नातीच्या भरवशावर लिहिलं. त्याची नक्कल माझ्या वहीत आहे, ती अशी.

"आदरणीय खाला,

सलाम. हे पत्र तुमची नात वाचून दाखवेल. तिला सांगा, हळू वाच आणि मधे स्वतःचं काही घालू नको.

गणित माझ्याकडेच राहिलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मूठभर घेतले. चाराचा कायदा मी मोडला नाही, तो घराघरात जसा होता तसाच आहे. वर्गातल्या एका मुलीने भर सभेत दोन्ही कायदे वेगवेगळे करून सांगितले. मला इतकं सरळ सांगता आलं नसतं.

सभेनंतर काही बायका थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, आम्ही शाळा अर्ध्यात सोडली ती या गणितापायीच, आमच्यासाठीही शनिवारी एक तास ठेवा. मॅडमनी हो म्हटलं आहे. पहिल्या शनिवारी नऊ जणी आल्या. त्या मुलांपेक्षा जास्त भांडतात.

आता दुसरं. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला आमच्या भागातल्या सगळ्या शाळांच्या शिक्षकांची बैठक आमच्या शाळेत आहे. हा खेळ मी सगळ्यांना दाखवायचा, असं ठरलं आहे. लोक विचारतील, हे कुठल्या प्रशिक्षणात शिकलात. मी खरं तेच सांगणार आहे. पण माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्यांनी तुम्हाला समोर बघावं असं मला वाटतं. तुम्ही नाही म्हणाल. म्हणाल, मी चौथी शिकलेली, मास्तरांमध्ये बसून काय करू. खाला, पाचवीत मला कोणी गणिताच्या जवळ उभं करत नव्हतं, तेव्हा तुम्ही मला खेळायला घेतलं. मी शिक्षक झालो, हे त्याच्यामुळे. हे मी इतक्या वर्षांत तुम्हाला एकदाही बोललो नाही. बोलायला हवं होतं, म्हणून लिहितो आहे.

मॅडमशी बोललो आहे, त्यांनी तुमच्यासाठी पुढच्या ओळीत खुर्ची ठेवायला सांगितलं आहे. मी त्या दिवशी सकाळी आठ वाजता गाडी घेऊन बाळापूरला येतो. नातीलाही सोबत घ्या, तिची शाळा एक दिवस बुडली तर तिच्या बाईंना मी चिठ्ठी देईन. डबा आणू नका, जेवण शाळेतच आहे.

तुमचा,
ओट्यावरचा पोरगा"